पेटंटच्या नव्या नियमांत चार वर्षांची मुदत उरली नाही: रबाळेतल्या एका कारखानदाराच्या तीन प्रश्नांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असे. रबाळे एमआयडीसीतली उद्यम नोंदणी असलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, काम केमिकल डोझिंग पंपांचं. नव्या व्हॉल्व्हसाठी १२ ऑगस्ट २०२४ ला प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला आणि वर्षाच्या आत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, भरलं. सल्लागार म्हणतो, परीक्षणाची (पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा अशी) मागणी करायला चार वर्षं असतात, घाई नको. दुसरं, २० मे २०१९ च्या एका अर्जावर नोव्हेंबर २०२४ मध्ये पेटंट मिळालंय. त्याचा फॉर्म २७ (पेटंट वापरात आहे का, याचं निवेदन) दरवर्षी भरायचा का? तिसरं, वाशीच्या प्रदर्शनात गेल्या जानेवारीत नवा स्ट्रेनर (पाणी गाळणारी चाळणी) मांडला आणि त्याचा अर्ज अजून केलेला नाही. 'एक वर्षाची सवलत आली आहे', म्हणजे उघड केल्यावरही वर्षभरात अर्ज चालतो, असं ऐकलंय, ती मिळेल का?

पहिल्या प्रश्नात तुमचा अर्जच जाऊ शकतो, म्हणून तिथून सुरुवात करू.

सल्लागार जी चार वर्षं सांगतो ती जुन्या नियमातली. पेटंट (सुधारणा) नियम, २०२४ हे १५ मार्च २०२४ ला राजपत्रात आले आणि त्याच दिवशी लागू झाले. तेव्हापासून फॉर्म १८ ची, म्हणजे परीक्षणाच्या मागणीची, मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली. १५ मार्च २०२४ च्या आधी दाखल झालेल्या अर्जांना मात्र जुने ४८ महिनेच आहेत. गोंधळ होतो तो इथे. एकाच फाइलच्या कपाटात दोन्ही प्रकारचे अर्ज असतात आणि एकच एक्सेल शीट दोघांना लावली जाते. तुमचा अर्ज ऑगस्ट २०२४ चा, म्हणून तो नव्या नियमात.

आता मोजायचं कुठून? नियम म्हणतो, प्राधान्य दिनांक (याच शोधाच्या पहिल्या अर्जाची तारीख) किंवा अर्जाचा दिनांक, यातला जो आधीचा असेल तिथून. अनेक जण कम्प्लीट भरल्याच्या तारखेपासून मोजतात आणि वर्षभराने चुकतात. प्रोव्हिजनलच्या मागून भरलेलं कम्प्लीट हा नवा अर्ज नसतो. अर्ज क्रमांक तोच आणि तारीखही प्रोव्हिजनलचीच. म्हणजे १२ ऑगस्ट २०२४ अधिक ३१ महिने, उत्तर येतं १२ मार्च २०२७. जुन्या हिशोबाने ही तारीख १२ ऑगस्ट २०२८ झाली असती. सल्लागाराच्या भरवशावर राहिलात तर मधल्या सतरा महिन्यांत कधीतरी कलम ११ ब(४) नुसार अर्ज मागे घेतला असं धरलं जाईल. आणि तोवर तो १८ महिन्यांच्या नियमाने प्रकाशित झालेला असेल. पेटंट नाही, गुपितही नाही, आणि नव्याने अर्ज करावा तर तुमचंच प्रकाशन आडवं येईल.

३१ हाच आकडा का, तर पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या वाटेने येणाऱ्या परदेशी अर्जांना भारतात प्रवेशासाठी ३१ महिनेच मिळतात. दोन्ही मुदती एका रेषेत आणल्या. परदेशी कंपन्यांना याचा फार त्रास नाही, त्या प्रवेश करतानाच फॉर्म १८ लावतात. झळ बसते ती 'बघू, माल विकला गेला तर पुढचे पैसे घालू' अशा बेताने चालणाऱ्या लहान कारखान्याला. त्यांच्यासाठी चार वर्षं खरोखर उपयोगाची होती. हा बदल मला तितकासा पटलेला नाही, पण नियम आहे तो आहे.

तुम्ही थांबू नका. फॉर्म १८ ची ऑनलाइन फी तुमच्यासाठी ४,००० रुपये आहे, मोठ्या कंपनीला २०,०००. पुढे व्हॉल्व्हमध्ये दम नाही असं दिसलं तर पहिला परीक्षण अहवाल येण्याआधी फॉर्म २९ भरून अर्ज मागे घेता येतो आणि परीक्षणाच्या फीमधले ९० टक्क्यांपर्यंत परत मिळू शकतात. लघुउद्योग म्हणून तुम्हाला फॉर्म १८ अ, म्हणजे जलद परीक्षणही खुलं आहे. त्याची फी ८,०००. तो फक्त ऑनलाइनच भरता येतो आणि अर्ज प्रकाशित झालेला असावा लागतो, नाहीतर सोबत लवकर प्रकाशनाचा फॉर्म ९ लावायचा, २,५०० रुपयांचा. साधा फॉर्म १८ आधीच भरला असेल तर फरक भरून तो जलदमध्ये बदलता येतो. बाजारात नक्कल यायला लागली असेल तर जलद घ्या. तशी काही निकड नसेल तर ४,००० वाचवा.

सवलतीच्या फीबद्दल एक खबरदारी. सवलत मागणाऱ्या फॉर्म २८ ला जोडलेल्या उद्यम प्रमाणपत्रावरचं नाव आणि फॉर्म १ (मूळ अर्ज) मधल्या अर्जदाराचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. अर्ज संचालकाच्या नावाने आणि प्रमाणपत्र कंपनीचं, असं झालं की आक्षेप येतो. अर्ज एकट्या संचालकाच्या नावाने केला तरी व्यक्ती म्हणून फी कमीच लागते हे खरं, पण मग मालकी कंपनीची नसून संचालकाची होते. बँकेसमोर किंवा भागीदार वेगळे होताना हे अंगाशी येतं. एकट्या मालकाच्या (प्रोप्रायटरी) दुकानाच्या किंवा कारखान्याच्या नावाने तर अर्जच करू नका. ते नाव कायद्याच्या नजरेत व्यक्ती नाही, मालकाचं नाव घाला.

कम्प्लीटमधली पानं आणि क्लेम (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगता ती विधानं) मोजून पैसे भरले होते ना, तेही तपासा. मूळ १,६०० रुपयांत ३० पानं आणि १० क्लेम येतात. वरच्या प्रत्येक पानाला १६० आणि प्रत्येक क्लेमला ३२०. समजा ३८ पानं आणि १४ क्लेम असतील, तर १,२८० अधिक १,२८०, म्हणजे २,५६० जादा. क्लेम कमी करण्याची घाई नको, पण एकच गोष्ट तीनदा वेगळ्या शब्दांत मांडणारे क्लेम काढून टाकायला हरकत नाही.

परीक्षणाची मागणी केली की पहिला अहवाल येतो, ज्याला सगळे एफईआर म्हणतात. इथे दोन घड्याळं एकाच वेळी सुरू होतात. उत्तराला सहा महिने, आणि फॉर्म ३ ला तीन. फॉर्म ३ म्हणजे याच शोधासाठी परदेशात कुठे अर्ज केलाय, त्याचं काय झालं, याचा तपशील. पूर्वी प्रत्येक परदेशी अर्जानंतर सहा महिन्यांत तो पुन्हा पुन्हा भरावा लागे आणि एखादा राहिला की विरोधकाला आयता मुद्दा मिळे. आता पहिला फॉर्म ३ अर्जापासून सहा महिन्यांत आणि दुसरा एफईआर निघाल्यापासून तीन महिन्यांत, इतकंच. बाकी माहिती कंट्रोलरने (अर्जावर निर्णय देणारा पेटंट अधिकारी) उपलब्ध डेटाबेसवरून स्वतः पाहावी असं नियमच सांगतो. कारण नोंदवून त्याने मागितलाच, तर दोन महिन्यांत ताजा फॉर्म ३ द्यायचा.

ही खरी सुटका आहे. पण जुन्या सवयीने लोक फॉर्म ३ एफईआरच्या उत्तराला जोडतात, आणि उत्तर तर पाचव्या-सहाव्या महिन्यात जातं. म्हणजे फॉर्म ३ दोन-तीन महिने उशिरा. फॉर्म ४ (मुदतवाढीची मागणी) भरून तीन महिन्यांपर्यंतचा उशीर माफ करून घेता येतो, पण विनाकारण का घ्यायचा? एफईआर ईमेलने येतो. ज्या दिवशी तो निघतो त्या दिवसापासून मोजणी, तुम्ही मेल उघडल्यापासून नाही. पत्त्यात दिलेला ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा तर नाही ना, ते आजच बघा. तुमचा पहिला फॉर्म ३ देखील १२ फेब्रुवारी २०२५ पर्यंत गेलेला असायला हवा. परदेशात अर्ज केला नसला तरी 'नाही' असं लिहून तो द्यावाच लागतो.

मुदत चुकलीच तर? मुदतवाढीचा नियम १३८ आता पुष्कळ सैल झालाय. पूर्वी एका महिन्यापुरती मुदतवाढ मिळे आणि त्यातही बऱ्याच मुदती वगळलेल्या होत्या. आता नियमांनी घातलेली कुठलीही मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवून मागता येते, कितीही वेळा, फक्त त्या सहा महिन्यांच्या आत. किंमत मात्र बोचणारी: व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला महिन्याला १०,०००, इतरांना ५०,०००. चार हजारांचा फॉर्म १८ सहा महिने उशिरा भरायला साठ हजार मोजावे लागतील. शिवाय ही वाढ कंट्रोलरच्या मर्जीवर आहे, हक्काची नाही. आणि ती फक्त नियमांतल्या मुदतींना लागते. कायद्याच्या कलमातच बसवलेली मुदत, उदाहरणार्थ प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत कम्प्लीट (कलम ९), १३८ ने हलत नाही.

व्हॉल्व्हच्या प्रोव्हिजनलमध्ये दुसरं काही लिहिलं होतं का, म्हणजे फ्लो सेन्सरची जोडणी वगैरे, जे कम्प्लीटमध्ये वगळलं? नवा नियम १३(२अ) सांगतो की प्रोव्हिजनलमध्ये उघड केलेल्या शोधावरही विभाजित अर्ज, म्हणजे मूळ अर्जातून वेगळा काढलेला अर्ज, करता येतो. मूळ पेटंट मंजूर होण्याआधी तो केला पाहिजे. मंजुरी कधी येईल याची तारीख आधी कुणी सांगत नाही, म्हणून एफईआरच्या उत्तराबरोबरच निर्णय घेऊन टाका.

तळोज्यातला किंवा आणखी कुठला स्पर्धक मंजुरीपूर्व विरोध करेल अशी भीती तुम्ही लिहिली आहे. तो कुणीही करू शकतो, कलम २५(१) मध्ये 'कोणीही व्यक्ती' असाच शब्द आहे. फरक असा की पूर्वी फुकट असलेल्या या विरोधाला आता फी आहे, ४,००० किंवा २०,०००. त्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे का हे कंट्रोलर आधी पाहतो आणि मगच तुम्हाला नोटीस येते. उत्तराला तुम्हाला तीनऐवजी दोनच महिने मिळतात. विरोध दखलपात्र ठरला की प्रकरण जलद परीक्षणाच्या वाटेने चालतं. केवळ अडवणुकीसाठी शेवटच्या क्षणी एकामागून एक विरोध टाकण्याला याने थोडा लगाम बसेल, फार नाही. कंपनी स्वतः पुढे न येता कुणा व्यक्तीच्या नावाने चार हजारांत काम भागवू शकते. उलट बाजूला हाच विरोध रुग्णांचं हत्यारही आहे. बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधावरची मक्तेदारी लांबवणारा अर्ज मार्च २०२३ मध्ये फेटाळला गेला, तो क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांच्या मंजुरीपूर्व विरोधामुळे. अशांना चार हजार आणि 'प्रथमदर्शनी तथ्या'ची चाळणी लावणं मला योग्य वाटत नाही.

आता मिळालेल्या पेटंटकडे. फॉर्म २७ दरवर्षी नाही. पेटंट ज्या आर्थिक वर्षात मिळालं त्याच्या पुढच्या वर्षापासून तीन-तीन वर्षांचे गट पाडायचे, आणि गट संपल्यावर सहा महिन्यांत एकदा फॉर्म भरायचा. तुमचं पेटंट नोव्हेंबर २०२४ चं, म्हणजे २०२४-२५ मधलं. पहिला गट २०२५-२६ ते २०२७-२८, फॉर्म ३० सप्टेंबर २०२८ पर्यंत. कपाटात २०२२-२३ मध्ये मिळालेलं एखादं असेल तर त्याचा गट २०२३-२४ ते २०२५-२६ आणि मुदत ३० सप्टेंबर २०२६. प्रत्येक पेटंटची तारीख अशी वेगळी काढा. फॉर्म २७ ला फी नाही.

फॉर्मही पुष्कळ आटोपशीर झालाय. भारतात किती बनवलं, किती आयात केलं, त्यातून किती रुपये आले हे रकाने गेले. पेटंट वापरात आहे की नाही, नसेल तर का (विकास सुरू आहे, व्यावसायिक चाचणी चालू आहे, परवानगी प्रलंबित आहे, परवानाधारक शोधतोय), आणि कुणाला परवाना द्यायची तयारी आहे का, एवढंच विचारतात. शेवटच्या रकान्याला 'हो' म्हणालात तर संपर्क तपशील द्यावे लागतात. तो विचार करून भरा, एकदा दिलेली माहिती सगळ्यांना दिसते.

आकडे गेले म्हणून हा फॉर्म निरुपद्रवी समजू नका. मार्च २०१२ मध्ये कर्करोगाच्या नेक्सावार या औषधावर देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला उत्पादनाची परवानगी) इथल्या मुंबई कार्यालयातूनच नॅटको या भारतीय औषध कंपनीला मिळाला. महिन्याच्या १२० गोळ्यांना पेटंटधारक कंपनी बायर सुमारे २ लाख ८० हजार घेत होती, नॅटकोने ८,८०० सांगितले, आणि पेटंटचा भारतात पुरेसा वापर होत नाही हा त्या निकालातला एक पाया होता. फॉर्म २७ मधली माहिती अशा वेळी बाहेर येते.

दंडाचं चित्रही बदललंय. जनविश्वास कायदा, २०२३ ने पेटंट कायद्याच्या कलम १२० आणि १२२ मध्ये केलेले बदल १ ऑगस्ट २०२४ पासून लागू आहेत. माहिती दिलीच नाही तर एक लाखापर्यंत दंड, पुढे चुकवत राहिलात तर दिवसाला १,०००. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा पाच कोटी, यातली कमी असेल ती रक्कम. पूर्वी खोट्या माहितीला तुरुंगवासही होता, तो गेला. आता कोर्टाऐवजी पेटंट कार्यालयातलाच निर्णय अधिकारी हे पाहतो. तुरुंग गेला हे चांगलंच झालं, पण कोर्टाच्या फेऱ्या वाचल्यामुळे दंड खरोखर आकारला जाण्याची शक्यता वाढली, हेही ध्यानात असू द्या.

नूतनीकरणाचं गणित सोपं आहे. २०१९ च्या त्या अर्जावर पेटंट मिळाल्यावर मागची साचलेली वर्षं, म्हणजे तिसरं ते सहावं, ८०० प्रमाणे ३,२०० रुपये नोंदणीपासून तीन महिन्यांत भरायची होती. आठव्या वर्षाची फी २० मे २०२६ पूर्वी. किमान चार वर्षांची आगाऊ आणि ऑनलाइन भरली तर दहा टक्के सूट मिळते. आठवं ते दहावं प्रत्येकी २,४०० आणि अकरावं ४,८००, एकूण १२,०००, सूट धरून १०,८००. बाराशे रुपयांसाठी भविष्य बांधून घ्यायचं का, हा तुमचा प्रश्न. भरलेली फी परत मिळत नाही. व्हॉल्व्हची एखादी पिढी पाच वर्षांत जुनी होते, त्यामुळे मी तरी वर्षाचं वर्षाला भरायला सांगेन. तुमच्या इंजिनिअर मुलांची नावं शोधकर्ते म्हणून आहेत, त्यांच्यासाठी फॉर्म ८ अ भरून शोधकर्तृत्वाचं प्रमाणपत्र घ्या. नोकरी बदलताना त्यांना उपयोग होतो.

आता स्ट्रेनर. तुम्ही ऐकलेली सवलत म्हणजे फॉर्म ३१ आणि नियम २९ अ. फॉर्म नवा, पण त्यामागचं कलम ३१ जुनंच आणि ते बदललेलं नाही. बारा महिन्यांची ही मोकळीक ज्या प्रदर्शनाला केंद्र सरकारने या कलमाखाली राजपत्रात अधिसूचित केलंय, त्यातल्या मांडणीलाच मिळते, किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या शोधनिबंधाला. वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये वर्षभर चालणारी नेहमीची व्यापारी प्रदर्शनं आपोआप यात येत नाहीत. आयोजकाकडे अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागा. ते दाखवता आलं नाही तर फॉर्म ३१ वर ५०० रुपये घालवू नका.

पण सगळं संपलं असंही नाही. नावीन्य जातं ते जेवढं उघड झालं तेवढ्याचंच. म्हणून स्टॉलवर नेमकं काय दिसलं ते खणून काढा. स्टॉलचे फोटो, कॅटलॉगची छापलेली प्रत, वेबसाइटवर पीडीएफ कधी चढवली, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले व्हिडिओ, यूट्यूबवरचं प्रात्यक्षिक. स्ट्रेनरची बॉडी बंद एसएसची होती की आतलं दिसावं म्हणून अ‍ॅक्रिलिकची? कॅटलॉगमध्ये कट-सेक्शन छापलंय का? बॅकवॉश नोझलचा कोन, स्प्रिंगचा ताण, चाळणीच्या दोन थरांमधलं अंतर, असं काही मापासकट दिलंय का? बंद बॉडी आणि बाहेरचं चित्र एवढंच असेल, तर आतल्या नोझल-रचनेवर आजही अर्ज करता येईल. अ‍ॅक्रिलिकमधून पाणी उलटं फिरताना लोकांनी पाहिलं असेल, तर ती कल्पना गेली. मग मापांमध्ये किंवा पुढच्या सुधारणेत काही अनपेक्षित फायदा असेल तर तेवढ्यावरच क्लेम लिहावे लागतील. आणि एकही नग विकला असेल तर घेणारा तो उघडून पाहू शकतो हे धरून चाला. गुप्ततेचा करार करून ग्राहकाच्या प्लांटमध्ये दिलेला नमुना वेगळा मोजला जातो, त्याची कागदपत्रं जपून ठेवा.

परदेशात माल पाठवायचा विचार असेल तर युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही, तिथला दरवाजा बंद झाला असं समजा. अमेरिकेत प्रकटीकरणापासून एक वर्ष मिळतं. पण शोधकर्ते इथले रहिवासी असल्याने थेट तिकडे अर्ज करता येत नाही. आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, नाहीतर फॉर्म २५ ने परवानगी घ्यायची.

आणखी एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. प्रश्नाला जोडलेल्या कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर स्ट्रेनरखाली 'पेटंटेड डिझाइन' असं छापलंय. त्या स्ट्रेनरचा अर्जही झालेला नाही. कलम १२० खाली पेटंट नसताना आहे असं सांगितल्यास, किंवा अर्ज नसताना 'पेटंट पेंडिंग' म्हटल्यास, दहा लाखांपर्यंत दंड आहे आणि तसंच चालू ठेवलं तर दिवसाला १,००० वेगळे. उरलेल्या प्रतींवर तो शब्द झाकणारा स्टिकर लावा, वेबसाइटवरची पीडीएफ आज संध्याकाळपर्यंत उतरवा, आणि मगच स्ट्रेनरची फाइल उघडा. अर्जासाठी अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात जायची गरज नाही. तुमचं कार्यक्षेत्र मुंबईच आहे, पण डिजिटल सहीने सगळं ऑनलाइन जातं आणि सुनावणीही व्हिडिओवर होते. सही कुणाच्या नावाची आहे आणि तिची वैधता कधी संपते, एवढं मात्र फॉर्म भरायला बसण्याआधी बघून ठेवा. मुदतीच्या शेवटच्या रात्री नेमकी तीच संपलेली निघते.